काठीचं बेणं : शेवरकंदाची हकिकत आणि माझी एक चूक



यंदा शिमग्यानंतर ज्या सात घरांनी माझ्याकडून शेवरकंदाच्या काठ्या नेल्या, त्यांनी ही नोंद आधी वाचावी. मिरगाला आता पंधरवडा राहिलाय. काठ्या अजून तोडू नका, लावू नका. ज्यांनी परसात पाणी घालून आधीच लावल्या असतील, त्यांनी कोवळी पानं नीट बघा. पान वाकडं, आखडलेलं आणि हिरव्यात पिवळे चट्टे असतील तर ते झाड मुळासकट काढा. चूक माझी आहे, ती कशी झाली ते पुढं सांगतो. पण नुसतं "काढा" म्हटलं तर कुणी काढणार नाही, हे मला माहीत आहे. मीही काढलं नसतं. म्हणून आधी या झाडाची हकिकत सांगतो, मग तुमचं तुम्ही ठरवा.

शेवरकंद म्हणजे टॅपिओका, पुस्तकात कसावा. पान काटेसावरीसारखं पंजाचं, म्हणून शेवरकंद. कुणी साबुकंद म्हणतं. एकादशीला, शिवरात्रीला, नवरात्रात आपण जी खिचडी खातो तिचा साबुदाणा याच कंदाचा. माझ्या आईला हे अजून पटत नाही. ती म्हणते, "साबुदाणा झाडाच्या खोडातून निघतो, माझ्या बापानं सांगितलेलं." तिचा बाप अगदीच खोटं बोलत नव्हता, ते पुढं येईल.

पाच वर्षांपूर्वी मी हा नाद धरला. आमची बांधावरची अर्धा एकर वरकस जमीन नाचणी सोडल्यापासून पडून होती. पनवेलला एका दुकानात हे कंद विकायला दिसले, किलोभर घेतले. कोनफळ लावतो तसे तुकडे करून, राख लावून, आगोटीला मातीत गाडले. म्हटलं कंद तो कंद. ऑगस्टात उकरून बघितलं तर नुसता घाण वासाचा चिखल. एकालाही कोंब नाही.

ही पहिली गोष्ट मी इथे शिकलो. बटाटा, सुरण, कोनफळ, आळकुडी या सगळ्यांना कुठं ना कुठं डोळा असतो किंवा नवा कोंब फुटायची जागा असते. शेवरकंदाचा कंद म्हणजे फुगलेलं मूळ. रताळं पण मूळच, पण रताळ्याला कोंब येतात. शेवरकंदाच्या मुळाला डोळाच नाही. डोळे सगळे वरच्या काठीवर, पान गळून जिथं खूण राहते तिथं. खायचं खाली आणि बेणं वर. कंद काढला की तो चार दिवसांत काळा पडतो, त्याला ठेवून उपयोग नाही. काठी मात्र सांभाळली तर दोन-अडीच महिने जिवंत राहते. म्हणजे भातासारखं कणगीत बी ठेवून निवांत झोपता येत नाही. कुणीतरी दर वर्षी काठी जिवंत ठेवायलाच लागते. एक वर्ष चुकलं की बेणं गेलं.

हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. ब्राझीलच्या नैऋत्य भागात, अ‍ॅमेझॉनच्या जंगलाच्या दक्षिण कडेला, याचा रानटी भाऊबंद अजून उगवतो. तिथल्या लोकांनी आठ हजार वर्षांच्याही आधी त्याला माणसाळवलं असं शास्त्रज्ञ मानतात. काठी तोडून खोचायची युक्ती तेव्हाचीच. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त आवडली. या झाडाला बीसुद्धा धरतं. एरंडाच्या कुळातलं झाड आहे, फळ एरंडासारखंच तीन बियांचं. उन्हात वाळलं की टपकन फुटून बी लांब उडतं. बियांच्या टोकाला एक मऊ बोंड असतं, त्यासाठी मुंग्या ते बी ओढून वारुळात नेतात. तिथं ते वर्षानुवर्षं पडून राहतं. पुढं त्या जागी कुणी जंगल तोडून, जाळून शेत केलं की ऊब लागून ते उगवतं.

आपल्याकडच्या ठाकूर-कातकऱ्यांच्या दळीची ज्यांना आठवण आहे त्यांना हे चित्र लगेच डोळ्यासमोर येईल. झाडं तोडायची, जाळायची, राखेत पेरायचं, दोन-तीन वर्षांनी जागा बदलायची. गयाना देशातले माकुशी लोक अशा शेतात खुरपताना काठीचं झाड कुठलं आणि बियांचं रोप कुठलं ते ओळखतात, बियांचं रोप मुद्दाम ठेवतात. कंद बरा निघाला तर त्याची काठी तोडून पुढच्या वर्षी लावतात. काठीपासून झाड केलं तर ते आईची हुबेहूब नक्कल असतं. आपल्या हापूसच्या कलमासारखंच, एकाच झाडाचे तुकडे सगळीकडे. बियांतून मात्र दर वेळी नवीन काहीतरी निघतं. त्या लोकांनी दोन्ही सांभाळलं, म्हणून त्यांच्याकडे या पिकाच्या इतक्या जाती. आपल्याकडे आली ती बहुतेक नुसती काठी.

१४९२ मध्ये कोलंबस कॅरिबियन बेटांवर उतरला तेव्हा तिथले ताइनो लोक याच कंदाची भाकरी खात होते. ते लोक हे पीक सपाट जमिनीत लावत नसत. गुडघाभर उंचीचे मातीचे गोल ढीग करायचे आणि त्यात चार-पाच काठ्या खोचायच्या. ही गोष्ट मला आधी कळली असती तर माझं दुसरं वर्ष वाचलं असतं.

दुसऱ्या वर्षी मला बेणं मिळालं ते धाटावला कारखान्यात नोकरीला असलेल्या एका केरळी गृहस्थांकडून. पंचवीस वर्षं रोह्यात राहिलेले, मराठी आपल्यासारखी बोलतात. त्यांच्या क्वार्टरच्या मागं कायम चार झाडं असायची. ते याला कप्पा म्हणतात. त्यांनी पाच काठ्या दिल्या आणि सांगितलं, "काका, डोळा वर ठेवा." मी घरी येऊन वीतवीतभर तीस तुकडे केले. तुकडे केल्यावर वरचं टोक कुठलं नि खालचं कुठलं ते विसरलो. निम्मे उलटे लावले असणार. वर भाताच्या खाचराच्या कडेला लावले. आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, जुलैत तिथं घोट्याएवढं पाणी. नऊ जगले. उलटे लागलेले पण फुटतात, पण उशिरा फुटतात आणि कंद बारीक धरतात.

आता ही काठी आपल्या देशात आली कशी ते सांगतो. ब्राझील पोर्तुगिजांच्या ताब्यात होतं. त्यांनी सोळाव्या शतकात हे पीक आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याला नेलं आणि गोवा-मलबारलाही त्यांच्याच जहाजांतून आलं. मिरची, काजू, अननस, पेरू, पपई हे सगळे त्याच वाटेचे पाहुणे. (उपासाच्या ताटात मिरची, शेंगदाणा, बटाटा, साबुदाणा, चारही अमेरिकेचे. आईला हे मी अजून सांगितलेलं नाही.) फ्रेंचांनी अठराव्या शतकात मॉरिशस बेटावर नेलं. नेणारा गव्हर्नर ला बुर्दोने, ज्यानं पुढं १७४६ मध्ये मद्रास घेतलं तोच. बेटावरच्या गुलामांना स्वस्तात खायला घालायला त्याला हे पीक पाहिजे होतं. कलकत्त्याच्या कंपनी बागेत १७९४ साली दक्षिण अमेरिकेतून रोपं आल्याची नोंद आहे.

पण बागेत असणं वेगळं आणि लोकांच्या पोटात असणं वेगळं. ते काम झालं त्रावणकोरात. तिथले महाराज विशाखम तिरुनाळ १८८० ते १८८५ असे पाचच वर्षं गादीवर होते. त्यांना वनस्पतींचा नाद. त्यांनी हे पीक लोकांनी लावावं म्हणून खटपट केली आणि कंद शिजवायचा कसा, पाणी ओतून टाकायचं कसं, हेही समजावून दिलं. ते समजावणं गरजेचंच होतं. या कंदात आणि पाल्यात सायनाइडचा अंश असतो. गोड जातीत कमी, कडू जातीत जास्त. साल काढून, तुकडे करून, उघड्या भांड्यात भरपूर पाण्यात उकडायचा आणि ते पाणी फेकायचं. आमच्या पोरांनी एकदा पोपटीच्या मडक्यात वालाच्या शेंगांबरोबर हा कंद घालायचं काढलेलं, मी घालू दिला नाही. पोपटी वाफेवर होते, तिथं पाणी ओतून टाकायला जागाच नाही. आणि पाला हिरवा गुरांना घालू नका, फुगून मेलेली गुरं मग परत येत नाहीत.

१९४२ मध्ये जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला आणि तिकडचा तांदूळ बंद झाला. त्रावणकोर अर्ध्याच्या वर बाहेरच्या तांदळावर जगणारं राज्य. तेव्हा हाच कंद तिथल्या गरिबाच्या ताटात भाताच्या जागी आला. आपल्याकडेही मुंबईत त्याच सुमारास रेशन लागलं. आमचे आजोबा बर्मा तांदळाच्या आठवणी सांगायचे, मुंबईला गिरणीत होते ते.

आणि आता आईच्या बापाची गोष्ट. त्या लढाईच्या आधी आपल्याकडे येणारा साबुदाणा मलाया-जावाकडून यायचा, आणि मूळचा साबुदाणा खरंच झाडाच्या खोडातून निघतो. सागू नावाचा ताड आहे तिकडं, खोड फोडून आतला गाभा कुटून पीठ काढतात. साबु हे नाव त्या सागूवरूनच. म्हणजे आजोळचं म्हणणं जुन्या साबुदाण्यापुरतं बरोबर. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं आणि तो माल बंद झाला. तामिळनाडूतल्या सेलमचे माणिकम चेट्टियार हे व्यापारी आणि पेनांगहून आलेले पोपटलाल शहा, या दोघांनी १९४३ च्या सुमाराला सेलममध्ये टॅपिओकाच्या पिठापासून साबुदाणा करायला सुरुवात केली. शहांना तिकडची रीत माहीत होती. कंद धुवायचा, सोलायचा, किसायचा, दूध गाळून निवळत ठेवायचं, खाली बसलेलं पीठ अर्धवट ओलं असताना झोळीत हलवून दाणे पाडायचे, तव्यावर भाजायचे, उन्हात वाळवायचे. आज आपल्या घरात येतो तो बहुतेक सगळा हाच. १९८१ मध्ये सेलमच्या कारखानदारांची सॅगोसर्व्ह ही सहकारी संस्था झाली आणि २०२३ मध्ये सेलमच्या साबुदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं. कंद त्यांचा, उपास आपला.

मग प्रश्न येतो, कोकणात हे पीक घट्ट का धरलं नाही? जमीन चालते, पाऊस चालतो, गोवा शेजारी. माझ्या वडिलांच्या लहानपणी आमच्या वईला दोन झाडं होती म्हणतात, पुढं गेली. माझं उत्तर माझ्यापुरतं असं. केरळात दोन पावसाळे. मे-जूनला लावतात तसं सप्टेंबर-ऑक्टोबरलाही लावतात, कुणाच्या ना कुणाच्या शेतात ओली काठी उभीच असते. सेलमला पाणी देऊन पीक घेतात, काढणी झाली की तीच काठी पुढच्या शेतात. आपल्याकडे पाऊस चार महिन्यांत आटपतो. जूनला लावलं तर फेब्रुवारी-मार्चला कंद काढायचा आणि काठी मिरगापर्यंत तीन महिने भर उन्हाळ्यात जगवायची. तिथंच आपली साखळी तुटते. तिसऱ्या वर्षी माझीही तुटली. काठ्या बांधून पडवीच्या पत्र्यावर टाकल्या, म्हटलं रानडुकरांपासून वर राहतील. मे महिन्यात त्या सरपण झालेल्या.

काठी ठेवायची रीत मला नंतर कळली, ती सांगतो. भारीच सोपी आहे. कंद काढताना दहा महिन्यांचं निरोगी झाड निवडायचं. वरचा कोवळा एक तृतीयांश आणि अगदी बुडाचं लाकूड टाकून द्यायचं, पण ते तोडणीच्या वेळी. ठेवताना काठी अखंड ठेवायची. गठ्ठे बांधून दाट सावलीत, वारा खेळेल असे, उभे ठेवायचे, डोळे वर. मी आंब्याखाली वीतभर खड्डा करून बुडं मातीत ठेवतो, आठवड्यातून एकदा पाणी शिंपडतो. लावायच्या वेळी नखानं साल जरा खरवडायची. पांढरा चीक लगेच आला तर काठी जिवंत. उशिरा, पाण्यासारखा आला तर टाकून द्यायची. आणि आडवा काप घेऊन आतला भेंडासारखा पांढरा गाभा बघायचा. तो काठीच्या निम्म्याहून जाड असेल तर काठी कोवळी आहे, कुजेल.

तिरुवनंतपुरमजवळ श्रीकार्यम इथं १९६३ पासून केंद्रीय कंद पिके संशोधन संस्था आहे. एच-१६५, एच-२२६ या जाती त्यांनी १९७१ मध्ये दिल्या, सेलमकडे एच-२२६ पुष्कळ. विशाखम महाराजांच्या नावाची श्री विशाखम जात १९७७ ची, गर पिवळसर. त्यांची लावणीची रीत अशी: १५ ते २० सेंटिमीटरची कांडी, १०-१२ डोळ्यांची, खालचा काप गोल आणि गुळगुळीत, पाच सेंटिमीटर खोल उभी खोचायची. अंतर ९० सेंटिमीटर चौरस. हेक्टरी १२,३४५ कांड्या होतात, म्हणजे गुंठ्याला सव्वाशे. फुटवे आल्यावर समोरासमोरचे दोन ठेवायचे, बाकी मोडायचे. मेलेल्या जागी पंधरा दिवसांच्या आत ४० सेंटिमीटरची लांब कांडी लावायची म्हणजे ती मागं पडत नाही. चौथ्या वर्षी मी हे सगळं केलं आणि ताइनोंसारखे ढीगही केले. एकही कांडी कुजली नाही. खाचरवाल्यांनी एवढं तरी लक्षात ठेवा: आपल्या पावसात सपाटीवर हे पीक नाही.

अडचण एकच, बेणं वाढतं फार हळू. एका झाडातून साधारण दहा कांड्या. यावर त्याच संस्थेनं छोट्या कांडीची पद्धत काढली. दोन-तीन डोळ्यांचे तुकडे करायचे, सावलीच्या जाळीखाली वाफ्यात आडवे, एकामागं एक, अगदी उसाची टिपरी लावतो तसे लावायचे, चार आठवड्यांनी रोपं उचलून ४५ सेंटिमीटरवर शेतात. एकाचे दहा व्हायचे तिथं साठ होतात. पण मला त्यातला दुसरा फायदा आता कळतोय. वाफ्यात चार आठवडे रोप डोळ्यासमोर असतं. रोगट पान दिसलं की ते रोप शेतात जायच्या आधीच उपटता येतं. मी हा वाफा केला नाही. जाळीचा खर्च वाचवला.

एक शेतकऱ्याचीच गोष्ट मधेच सांगतो, कारण ती मला कुणी सांगितली नव्हती. इंडोनेशियात पूर्व जावात मुकिबात नावाचा शेतकरी होऊन गेला. १९५० च्या दशकात त्यानं या झाडाच्या खुंटावर सिआरा रबर या त्याच्याच भावकीतल्या झाडाची फांदी कलम केली. वर रबराचं मोठं, जोरदार पान, खाली खायचा कंद. एकेका झाडाचं वजन कित्येक पटीनं वाढलं. तिकडं त्या पद्धतीला आजही त्याच्या नावानं ओळखतात. कलम बांधायला मेहनत लागते म्हणून सगळीकडे पसरली नाही, पण आपल्या कोकणात आंबा-काजूची कलमं बांधणारे हात घरोघर आहेत.

आता रोगाकडे येतो. काठी आईची हुबेहूब नक्कल करते म्हटलं, त्यात आईचा आजारही आला. या झाडाच्या पानावरच्या मोझॅकची पहिली नोंद १८९४ ची, पूर्व आफ्रिकेतली, आजच्या टांझानियातली. तिथल्याच अमानी केंद्रात १९३० च्या दशकात स्टोरी आणि निकोल्स या शास्त्रज्ञांनी काम केलं. रोग पांढऱ्या माशीनं पसरतो आणि काठीतून पिढ्यान् पिढ्या चालत राहतो. त्यांनी रोगाला टिकणारी जात मिळावी म्हणून त्याच सिआरा रबराशी संकर केला. पुढं त्या संकराचं बी नायजेरियात गेलं. त्यातून झालेल्या जातींनी १९९० च्या दशकात, युगांडात या रोगानं शेतंच्या शेतं बसली तेव्हा, लोकांना हात दिला. बी गेलं, काठी नाही, हे बघा. हा विषाणू बियांतून जात नाही, काठीतून जातो. भारतात या रोगाची नोंद १९५६ ची आहे. म्हणजे माझ्या जन्माच्या आधीपासून हा इथं आहे.

काठीवरून किडीही प्रवास करतात. १९७३ च्या सुमाराला आफ्रिकेत कांगोकडे एक पिठ्या ढेकूण दिसला, दक्षिण अमेरिकेतूनच आलेला. दहा वर्षांत त्यानं अर्ध्या आफ्रिकेचं हे पीक धरलं. शास्त्रज्ञ त्याचा मूळ शत्रू शोधत पॅराग्वेपर्यंत गेले, तिथं एक चिमुकली गांधीलमाशी सापडली. १९८१ पासून ती आफ्रिकेत सोडली आणि ढेकूण आटोक्यात आला. त्या कामाचे प्रमुख हान्स हेरेन यांना १९९५ चं जागतिक अन्न पारितोषिक मिळालं. तोच ढेकूण २०२० मध्ये केरळात त्रिशूरला सापडला आणि नंतर सेलमकडे पसरला. बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोनं तीच गांधीलमाशी आफ्रिकेतल्या बेनिनमधून आणली आणि २०२२ मध्ये सेलम जिल्ह्यात सोडली. आपण इथं खिचडी खाताना कुणाला याची खबर नव्हती.

आता माझी चूक. तिसऱ्या वर्षी काठ्या वाळल्या तेव्हा दोनच उरल्या. चौथ्या वर्षी धाटावच्या गृहस्थांनी परत चार दिल्या, पण मला घाई, अर्धा एकर भरायचं होतं. मोबाईलवर बघून एका विक्रेत्याकडून वीस काठ्यांचं पार्सल मागवलं. नऊ दिवसांनी आलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, बहुतेक कुजलेलं. त्यातल्या तीन काठ्या चीक दाखवत होत्या, त्या मी आपल्या काठ्यांत मिसळून लावल्या. गेल्या श्रावणात तीन-चार झाडांची पानं पिवळट, वाकडी दिसली. भेंडीवरचा केवडा बांधावरून ओळखणारा मी, पण इथं मला वाटलं पाऊस जास्त झाला, खत वाहून गेलं. मूठभर युरिया टाकला. दिवाळीनंतर पानं जरा बरी वाटली, कारण हा रोग मधेच लपतो. शिमग्यानंतर कंद काढले, सगळ्या काठ्या एकाच आंब्याखाली एकत्र उभ्या केल्या आणि कौतुकानं सात घरांना वाटल्या. कुठली काठी कुठल्या झाडाची याची खूणही ठेवली नाही. कंद काढताना दिसलंच होतं की काही झाडांखाली कंद बोटाएवढेच आहेत. तेव्हा मी रानडुकरांना दोष दिला.

परवा आंब्याखाली गठ्ठ्यांना फुटवे आलेले बघितले. सगळ्या हिरव्या फुटव्यांत काही फुटवे आखडलेले, पिवळे चट्टे पडलेले. फोटो काढून धाटावला गेलो. गृहस्थांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "काका, हे आमच्याकडे सगळीकडे आहे. म्हणूनच मी दरवर्षी फक्त त्याच एका झाडाची काठी ठेवतो." त्यांनी ते झाड दाखवलं. पंजाएवढं सपाट, एकरंगी हिरवं पान. मला त्यांनी दिलेली प्रत्येक काठी त्या झाडाची होती आणि मी ती पार्सलच्या काठ्यांत मिसळली.

तेव्हा सात घरांना माझं सांगणं असं. वरसे गावातली चार घरं, धाटावकडची दोन आणि पेणचं एक, मी प्रत्येकाकडे स्वतः येणार आहे, या आठवड्यात. काठ्या सावलीत उभ्या करून रोज थोडं पाणी मारा म्हणजे फुटवे येतील. फुटवे बोटभर झाले की पान बघायचं. एका काठीवर एक जरी पान वाकडं-चट्टेदार असेल तर आख्खी काठी जाळायची. बांधावर टाकायची नाही, ती तिथंही मुळं धरते. ज्या काठीला फुटवाच नाही, तीही लावायची नाही, कारण तिचं काही कळत नाही. हिरव्या काठ्या लावल्यावर पुढचे दोन महिने दर आठवड्याला फिरायचं आणि संशय आला तर उपटायचं. फवारणीनं आतला विषाणू जात नाही, पैसे घालवू नका. आमच्या कृषी सहायकांनाही फोटो पाठवलेत. श्रीकार्यमच्या संस्थेनं मोझॅकला टिकणारी श्री रक्षा नावाची जात दिली आहे. तिचं खात्रीचं बेणं रीतसर मागवता येईल का ते विचारलंय. या वेळी पार्सल आलं तर आधी घराच्या दुसऱ्या बाजूला वेगळ्या वाफ्यात चार आठवडे.

माझ्याकडे आंब्याखाली बेचाळीस काठ्या होत्या. काल सौ. आणि मी एकेक उचलून पान बघितलं. सोळा जाळल्या, पाचांना फुटवा नव्हता, त्याही जाळल्या. एकवीस उरल्यात, त्यांना बुडाशी लाल दोरी बांधलीय. ज्यांच्या काठ्या जळतील त्यांना या एकवीसमधल्या आधी मिळतील, माझी अर्धा एकर यंदा तशीच राहिली तरी चालेल. पेणच्या घरच्यांनी फोन उचललेला नाही. त्यांच्या ओळखीतल्या कुणी ही नोंद वाचली तर एवढं कळवा.